चौदा रेघा

पोती मोजायला मला कागद लागत नाही.
फळीवर खडूच्या चार उभ्या, पाचवी आडवी.
उदगीरच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं
माझ्या मोजणीला मुकादमानं बोट लावलं नाही.

पाठ बोलायला लागली की
सत्वाच्या टपरीवरची लाल गोळी,
उपाशीपोटी, चहाच्या घोटाबरोबर.
दुसरा ट्रक लागला की अजून एक.
त्या गोळ्यांची रेघ
कुठल्याच फळीवर नाही.

मग एका पहाटे संडासला काळं झालं,
डांबरासारखं, चिकट.
मी म्हटलं, काल कारळाची चटणी खाल्ली.
मथुरा म्हणाली, चटणी मी केलीच नव्हती काल,
आणि मला ऑटोत घातलं.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात
घशातून नळी गेली, कॅमेऱ्याची.
डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं :
पोटाच्या भिंतीला खळगा,
हूक लागून पोत्याला पडतो तसा.
म्हणाल्या, थोडं त्या लाल गोळीनं केलं, थोडं एका जंतूनं.
जंतूचा राग नाही आला मला.
तो बिचारा पोटासाठीच आलेला.

औषधं देताना शगुफ्ता, शरीफ टेलरची धाकटी,
म्हणाली, चाचा, वाचता येतं?
मी म्हटलं, मोजता येतं.
तर तिनं पाकिटांवर चित्रं काढली.
रिकामी ताटली : ही कॅप्सूल जेवणाच्या अर्धा तास आधी,
चावायची नाही, फोडायची नाही.
(अर्धा तास म्हणजे? म्हणजे
छोटा हत्ती उतरून होईल तेवढा.)
भाकरीची ताटली : या दोन जेवल्यावर.
एक सूर्य, एक चंद्र.
आधी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं होतं का?
दुसरी काही गोळी चालू आहे का? विडी? दारू?
दारूला मी वर पंख्याकडे पाहिलं.
चौदा दिवस, ती म्हणाली, मधेच बरं वाटलं तरी चौदा.
पंखा आपला फिरत होता.

दाराच्या मागं खडू ठेवला.

तिसऱ्या दिवशी तोंडात लोखंड.
दोन्ही हात गुंतले की हूक दातांत धरतो ना,
अगदी तीच चव, हूक खुंटीला असताना.
घाबरून दुकानात गेलो.
औषधाचीच चव आहे, जाईल, म्हणाली, बंद करू नका.
पण पुन्हा काळं झालं तर इथं येऊ नका,
सरळ दवाखाना.

सातव्या रात्री डोळा लागला, चंद्र राहिला.
सकाळी दोन्ही एकदम घ्यायला हात गेला
तर मथुरा म्हणते,
राहिलेलं पोतं दुसऱ्या पोत्यावर टाकून उचलता का हो?

नवव्या दिवशी पोट इतकं गप्प
की आपलं नसल्यासारखं.
फुलचंद म्हणाला, मलाबी लई जळजळतंय, चार दे की,
तुला तर बरं वाटलंय.
बिडीच्या थोटकापासून चपलेपर्यंत
आम्ही सगळं वाटून वापरलेलं.
मी म्हटलं, भाकरी घे. गोळ्या माझ्या खळग्याच्या मापाच्या आहेत.
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, लातूरची गाडी कितीला असती?

सत्वानं मात्र मायेनंच लाल गोळी पुढं केली,
कारण पाठ माझ्या चालण्यात दिसत होती.
पाठ आहे तशीच आहे, हे खरं.
आता दिवसाला वीस पोती कमी उचलतो,
हमालीत तेवढे पैसे कमी येतात,
रात्री विटेचा शेक घेतो.
सत्वा, पाणी दे, म्हटलं. नुसतं.

चौदाव्या रात्री रेघ ओढली.
पाच, पाच, आणि चार उभ्या.
सवयीनं हात आडवा जायला लागला,
मथुरानं मनगट धरलं.
चौदाच.

महिन्यानं पुन्हा तपासायला बोलावलंय,
जंतू गेला की लपून बसलाय ते बघायला.
चार उभ्या रेघा दारावर तशाच आहेत.
खडू मी खिशात घेऊन जाणार आहे.